राग : निरंक

नंदुरबारात राहून अभिजात संगीताचा षौक बाळगणाऱ्या मनुष्यास प्रवासाचा षौक सक्तीने जडतो. कारण हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळू लागली की येथील समस्त नागरिकांचे कंठ एकाच स्वरात, तोही ठसक्याच्या, लागतात, आणि षड्ज ऐकायचा तर पुण्याची वाट धरल्यावाचून गत्यंतर उरत नाही. भीमसेन जोशींनी गुरुस्मरणार्थ 1953 पासून चालविलेल्या सवाई गंधर्व महोत्सवास आम्ही काही मंडळी वळकटी, शाल आणि कळण्याच्या भाकरीचा शिधा घेऊन वर्षानुवर्षे जात आलो. पहाटेपर्यंत मांडी न मोडता बसणे, मुंग्या आलेला पाय ‘वाहवा!’च्या मिषाने लांब करून घेणे, आणि दरबारी व ललत यांच्या दरम्यान लागलेली डुलकी ही वस्तुतः समाधी होती असे शेजाऱ्याच्या गळी उतरवणे, या विद्यांत आम्ही पारंगत झालो होतो. पुढे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकास मनाई केली आणि रात्र जागवण्याचा आमचा वहिवाटीचा हक्क सरकारजमा झाला.

अशा दुखवट्याच्या काळात, अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीत रात्रभर वाद्ये वाजतात, ही वर्दी आमच्यातील एका निवृत्त अव्वल कारकुनांनी दिली. या गृहस्थांजवळ एक रजिस्टर असे. त्यात गायक, राग, साथ व शेरा असे रकाने आखलेले असून, कोणत्याही मैफलीची नोंद झाल्याविना ती झाली असे ते मानीत नसत.

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीकडे जाणाऱ्या जीपमध्ये टेकायला जागा मिळणे हे पूर्वसंचित, आणि दोन्ही पाय आत राहणे ही सामाजिक प्रतिष्ठा. वाटेवर मोहाच्या फुलांचा गोड, किंचित आंबूस वास दरवळत होता; चालक महाशय प्रत्येक वळणावर हात वर करणाऱ्यास नकार देणे अधर्म समजत होते; आणि कारकूनसाहेब, मांडीवर कोणा अपरिचिताचे मूल व त्या मुलाच्या मांडीवर कोंबडी अशा अवस्थेतही, ‘मुख्य कलाकार बहुधा उत्तररात्री बसतील,’ असा अंदाज वर्तवीत होते.

काठीस पोहोचलो तेव्हा मुख्य कलाकार बसलेले नव्हते. कोणीच बसलेले नव्हते. हत्यार न लावता हातांनी खोदलेल्या खड्ड्यात होळीचा उंच बांबू उभा होता, आणि त्याभोवती पाळणीचे व्रत करणारे बावा-बुध्या फेर धरून नाचत होते : डोक्यावर मोरपिसांचा टोप, उघड्या अंगावर राखेची नक्षी, कमरेस वाळलेले भोपळे आणि घुंगरू. एक पाऊल पडले की शेकडो कमरा एकदम वाजत. त्यावर ढोलाचा ठोका असा येई की कानांपूर्वी तो बरगड्यांना पोहोचे. पुण्यात समेवर मान हलविणारे आम्ही येथे सम शोधीत राहिलो, तोवर ती आमच्या पायांतून दोनदा निघून गेली होती.

कारकूनसाहेबांनी एका वृद्धास अदबीने विचारले, ‘बाबा, कार्यक्रम कधी सुरू होणार?’

‘नाच ना!’ वृद्ध म्हणाला, आणि त्यांच्या दंडास धरून त्याने त्यांना फेरात ओढले. श्रोता म्हणून स्वतंत्र खाते तेथे नव्हतेच. तालुक्याच्या महसुलाचा ज्यांनी एके काळी हिशेब ठेवला, ते गृहस्थ चष्मा सावरीत, धोतराचा सोगा खोचून, एका बुध्याच्या घुंगरांमागे पहाटेपर्यंत फिरत होते; आणि एका ढोलवाल्यास ‘क्या बात है!’ अशी दाद मी दिली, तर त्याने टिपरूच माझ्या हाती दिले. दाद देण्याचा धंदा मी त्या रात्रीपुरता बंद केला.

पहाटे होळी पेटली. उतरताना, जीपच्या टपावर बसून, कारकूनसाहेबांनी दप्तर पूर्ण केले. गायक : सर्व रहिवासी व पाहुणे. राग : निरंक. साथ : पाय, चालू स्थितीत नाहीत. शेरा : कार्यक्रम वेळेवर सुरू झाला नाही, वेळेवर संपला नाही, तक्रार नाही.