खुनी कोण, ते सांगायचं नाही म्हणे!

अहो, ऐकलंत का? आपल्या राहुरीतली चांगली घरंदाज माणसं नगरला जाऊन खुनाची नाटकं बघून येतात आणि आल्यावर खुनी कोण ते सांगत नाहीत! विचारलं तर ओठ मिटून हसतात. वर "बघा की तुम्हीच जाऊन," म्हणतात. कुणाच्या मुलीला कुठल्या स्थळानं नकार कळवला, कुणाच्या उसाला अजून तोड मिळाली नाही, कुणाच्या दारात काल रात्री कुणाची गाडी उभी होती, हे ज्या गावात एसटी स्टँडात शिरायच्या आत वांबोरीपर्यंत पोचलेलं असतं, तिथे ही मिजास! माहीत असून सांगायचं नाही म्हणजे काय? शेजारधर्म काही उरला की नाही?

आणि तालुका कुणाचा, तर महिपतींचा. ताहराबादेत ज्यांनी 'भक्तविजय' लिहिला, संतांची चरित्रं घरोघर पोचवली, त्यांच्या तालुक्यातल्या सासवा-सुना आता भांडी घासताना वाद घालतात, की विष चहात घातलं होतं की कॉफीत. घ्या!

सगळ्याचं मूळ ती विलायतेतली बाई, ॲगाथा ख्रिस्ती. फोटो बघा तिचा. गळ्यात मोत्यांची माळ, चेहरा असा सोज्वळ की हळदीकुंकवाला पहिलं बोलावणं तिलाच जावं. पण पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधखान्यात काम केलं आणि तिथे विषांची जी ओळख झाली, ती बाईंनी जन्मभर वाया जाऊ दिली नाही. बरं, लेखिका तशी तर वाचक तरी धड असावेत? १९४७ साली त्यांच्या राणी मेरीला ऐंशी वर्षं पूर्ण झाली. आपल्याकडे त्या वयाला सहस्रचंद्रदर्शन करतात, नातवंडं ओवाळतात. राणीबाईंनी बीबीसीकडे काय मागावं? ख्रिस्तीबाईंची श्रुतिका! म्हणजे वाढदिवसाला मुडदे. त्याच श्रुतिकेचं पुढे नाटक झालं 'द माउसट्रॅप', आणि २५ नोव्हेंबर १९५२ला ते लंडनला लागलं. बाईंचा स्वतःचा अंदाज होता की आठेक महिने चालेल. ते अजून चालू आहे! मध्ये कोरोनानं पडदा पाडला तेवढाच. हक्क बाईंनी आधीच नातवाच्या नवव्या वाढदिवसाला त्याच्या नावे करून टाकले होते. आपण नातवाला सायकल घेतली की पेढे वाटतो.

मुख्य खोड मात्र पुढेच आहे. प्रयोग संपला की एक नट पुढे येऊन प्रेक्षकांना विनवतो, खुनी कोण ते बाहेर कुणाला सांगू नका. आणि ती माणसं सांगत नाहीत म्हणे! सत्तर वर्षं! मला तर त्या खुनापेक्षा हेच जास्त भयंकर वाटतं.

बरं, हे लोण आपल्याकडे आलं ते काही चोरवाटेनं नाही. 'इत्तफाक' आठवतो? १९६९चा, राजेश खन्ना आणि नंदा. एकही गाणं नाही. मॉन्टी डॉइलचं विलायती नाटक आधी गुजराती रंगभूमीनं उचललं, 'धुम्मस' नावानं केलं आणि तिथून यश चोप्रांनी. चार वर्षांनी थोरले चोप्रा 'धुंद' घेऊन आले, ते थेट ख्रिस्तीबाईंच्या 'द अनएक्स्पेक्टेड गेस्ट'वरून. आणि आता विजय केंकऱ्यांनी मराठीत सपाटाच लावलाय, 'अ परफेक्ट मर्डर' काय, 'यू मस्ट डाय' काय. नावंसुद्धा मराठीत ठेवायची सोय नाही.

पण परक्यांना बोल लावण्यात काय अर्थ? आपलाच जिल्हा आतून सामील. अहमदनगर कॉलेजात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक मधुकर तोरडमल! शेक्सपिअर शिकवायचा सोडून मास्तरांनी 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' लिहिलं आणि त्यात स्वतः प्राध्यापक बारटक्के होऊन उभे राहिले. शब्द आठवला नाही की 'ह'ची बाराखडी. वाक्यातली मोक्याची जागा मोकळी सोडायची, ती भरायची प्रेक्षकांनी. भरली की! हजारो प्रयोग भरली. म्हणजे स्टेजवरचा माणूस वाईट काही बोललाच नाही. चावटपणा केला तो पहिल्या रांगेतल्या मंडळींनी, बायको शेजारी असताना. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण याच मास्तरांनी ख्रिस्तीबाईंच्या कादंबऱ्याही मराठीत आणल्या. एकीकडे चावटपणा, एकीकडे खून, आणि दोन्ही नगरच्या कॉलेजातून!

खरं विचाराल तर आम्हाला फार्स चालतो. अत्र्यांची 'मोरूची मावशी' घ्या. तीही तिकडचीच, १८९२ची 'चार्लीज आंट'. विजय चव्हाण साडी नेसून आले की मावशी हा बाप्या आहे हे अख्ख्या थिएटरला ठाऊक, फक्त स्टेजवरच्यांना पत्ता नाही. हे कसं आपल्या सवयीचं. ज्याच्या घरात भानगड तो सोडून सगळ्या गल्लीला ती माहीत, असंच आपण जगत आलो. रहस्यनाटकात सगळं उलटं. नाटककाराला माहीत, खुन्याला माहीत, आणि तिकीट काढलेल्या आपल्याला दोन तास अंधारात बसवणार. असा अपमान राहुरीकरानं पैसे देऊन का सोसावा?

अर्थात गावानं त्यावर तोडगा काढलाच. गप्प बसणं जमेना, तेव्हा लोक खुनी सांगू लागले. पण प्रत्येक जण वेगळा. एकाच नाटकाचा खुनी कॉलेज रोडला डॉक्टर आहे, कारखान्याच्या कॉलनीत मोलकरीण आहे, आणि विद्यापीठाच्या क्वार्टर्समध्ये तर इन्स्पेक्टरच. एका मावशींच्या भाच्यानं शपथेवर नवरा सांगितला. त्या सगळं नाटक नवऱ्यावर डोळा ठेवून बसल्या आणि फसल्या. परत येऊन त्यांनी भाच्याला काही म्हटलं नाही. उलट जावेला, "नवराच गं," म्हणून बिनदिक्कत सांगून मोकळ्या झाल्या. लंडनवाल्यांना हात जोडून विनवावं लागतं. आपल्याकडे एवढे खुनी मोकाट फिरताहेत की खरा कोण ते कळायला तिकीटच काढावं लागतं.

म्हणून नाइलाजानं, केवळ खातरजमा करायला, शनिवारी आम्ही जीप ठरवली आहे. एक जागा रिकामी आहे. येता का? पण परत आल्यावर मला विचारायचं नाही हं, तुम्हाला काय कळलं ते. मी सांगेन तेच गावात सांगायचं.