घडी मोडू नये

अँड्र्यू रिची यांनी 1975 च्या सुमारास लंडनमधल्या आपल्या फ्लॅटवर घडीची सायकल जुळवली. खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं, सायकलचं ‘ब्रॉम्प्टन’ हे नाव तिथून आलं. देवळासमोर जन्मलेल्या वस्तूला भक्त मिळणारच.

चाकं 16 इंची. आपल्याकडे या मापाची सायकल पहिलीतल्या पोराला घेतात. पण तो अजाण, त्याला बिजागरीचं मोल काय कळणार? तिकडे ब्रॉम्प्टनची जागतिक शर्यत भरते, तीही कोट-टाय घालून.

लंडनच्या आमच्या एका स्नेह्यांनी टायटॅनियमची घेतली. वजन साडेसात किलोच्या आत. आणखी नऊ ग्रॅम वाचावेत म्हणून स्क्रूही टायटॅनियमचे मागवले. मग पुढच्या पिशवीत लॅपटॉप, छत्री, थालीपिठाचा डबा.

परवा भेटले तेव्हा सायकल तान्ह्या बाळासारखी मांडीवर. बिजागरी चारदा उघडून-मिटून दाखवली. घडी हाच सायकलचा धर्म, उलगडणं ही नाइलाजाची तडजोड, हे आम्हाला पटलं.

निघताना सायकल काखोटीला मारून ते बस स्टॉपकडे वळले.

“पावसाची चिन्हं आहेत हो!”

टायटॅनियमला गंज चढत नाही, हे मघाशी त्यांनीच सांगितलं होतं.