घासेल त्याचा फोन

बिल माझ्या नावावर, हप्ते मी फेडलेले. पण फोनमध्ये जन्मजात बसलेलं रमीचं अ‍ॅप काही मला काढता येईना. म्हटलं, बस्स! फोन रूट करायचा, म्हणजे त्याचा सगळा ताबा आपल्याकडे घ्यायचा.

सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारल्या. फोन म्हणाला, तुम्ही आता डेव्हलपर झालात! सप्तपदीनंतरही इतका मान मिळाला नव्हता. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "छान. आता सिलिंडर बदला."

खरं तर फोनलाही सातबारा हवा. गावाकडच्या आमच्या अकरा गुंठ्यांच्या उताऱ्यावर इतकी नावं आहेत, की सगळे एकदम बांधावर उभे राहिले तर पेरायला जागा उरायची नाही. तरी निदान मालक कोण ते सातवर कळतं आणि पीक काय ते बारावर. माझ्या फोनचा उतारा काढला असता तर? मालक : कंपनी. इतर अधिकार : रमीवाले. पीक : जाहिराती, बारमाही. कूळ : मी. १ एप्रिल १९५७ला कसेल त्याची जमीन झाली. घासेल त्याचा फोन कधी होणार?

२००८ सालच्या पहिल्या अँड्रॉइड फोनात, जी-१मध्ये, गंमत होती. आत टाइप केलेला हुकूम पाळणारा एक रूट शेल चुकून उघडा राहिला होता. गप्पांत कुणी इंग्रजीत 'रीबूट' लिहून एंटर दाबलं, की फोन खरंच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. इतकं ऐकणारं माणूस आमच्या घरात नाही.

माझ्या फोनाने मात्र बूटलोडरचं कुलूप उघडण्याआधी बजावलं : सगळं पुसलं जाईल. फोटो, नंबर, विजेची बिलं, सगळं लॅपटॉपवर ठेवलं आणि 'हो' म्हटलं. रात्री दीडला काळ्या खिडकीत डॉलरचं चिन्ह जाऊन # उमटलं. मी रूट! सर्वाधिकारी! अशा सर्वाधिकाऱ्याचा क्रमांक शून्य असतो, हे नंतर कळलं.

रमी हाकलली. सकाळी बँकेच्या अ‍ॅपने मलाच हाकललं : हा फोन सुरक्षित नाही. भाजीवाल्यासमोर बायकोने आपला फोन पुढे केला, एक शब्द न बोलता. तो शब्द अजून येणे आहे.

एक गोष्ट मात्र लॅपटॉपवर ठेवायची राहिली. जुन्या कीबोर्डवर 'बाबा' लिहिलं, की पुढचं तो आपणच सुचवायचा : गोळी, घेतली, का. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, पण कीबोर्डला कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगत नव्हतो. कधीतरी उगाच लिहून बघायचो.

काल पुन्हा 'बाबा' लिहिलं. त्याने सुचवलं : बाबागाडी.