बाटलीचं बारसं

बाळाच्या बारशाला अजून आठवडा आहे. धरणगावच्या माहेरघरात बाटलीचं मात्र उरकलंसुद्धा. तीन बाटल्या, सहा निपल, एक ब्रश आणि पावडरीचा डबा.

डब्यावर गुटगुटीत बाळ नाही म्हणून मावशी हिरमुसल्या. १९९२ च्या कायद्याने तसं चित्र छापायला आणि बाटलीची जाहिरात करायलाही बंदी आहे, हे त्यांना कोण सांगणार? उलट आईचं दूधच उत्तम, असं डब्यालाच छापावं लागतं. गिऱ्हाइकाला दारातून परत धाडणारा असा माल विरळाच. (तंबाखू सोडून.)

मग उकळणं. बाटल्या बुडतील इतकं पाणी. पावडरीला निदान ७० अंशांचं, ३० मिलिलिटरला एक सपाट चमचा. निवलं की मनगटावर थेंब. गावाच्या नावात धरण असलं तरी नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे पिंपातलं आधी गाळा. रात्री अडीचला मामा गॅसपाशी उभा; चमचे मोजताना बाळाने भोकाड पसरलं, आकडा गेला. पुन्हा पहिल्यापासून.

आजी फळीवरचं जुनं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी, पुसत होती. बाटलीपेक्षा वाटी बरी, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते, हे तिच्या गावीही नाही. तिने एवढंच विचारलं, "पोरीला पाजायला बसवलं का रे कोणी?"