चाकूचा शेजार

बावीस वर्षं ट्रक चालवतोय. एवढ्या काळात माझे पाच चाकू झाले. दोन हरवले, एक मोडला, एक पोलिसांनी ठेवून घेतला आणि पाचवा सध्या मिठाच्या पुडीशेजारी झोपलेला आहे. या पाचव्यावर माझा फार जीव. आजवर कुणाला त्याची भीती वाटलेली नाही.

ड्रायव्हरला चाकू कशाला, असं नातेवाईक विचारतात. त्यांच्या डोळ्यांपुढे रात्रीचा घाट, दरोडेखोर आणि मी असा सिनेमा चालू असतो. दरोडेखोर आलाच तर मोबाइल, पाकीट आणि उरलेली भाकरी त्याच्या हवाली करून मी मुकाट्यानं खाली उतरेन. चाकू लागतो तो दोरीसाठी. ताडपत्रीची दोरी पावसात भिजली की गाठ अशी आवळते, की दातांनी सोडवायला गेलं तर आधी दात सुटावेत. वायर सोलायची असते, पोत्याची सुतळी कापायची असते. आणि रोज संध्याकाळी, कुठल्या तरी पंपाच्या कडेला, कांदा चिरायचा असतो.

पहिला चाकू जत्रेत घेतला. खटक्याचा. विकणारा त्याला रामपुरी म्हणत होता. त्यानं रामपूर पाहिलं नसावं, मीही नव्हतं. पण १९६५च्या ‘वक़्त’मधला राजकुमार व्हिडिओवर पाहिलेला होता, आणि पंचविशीतल्या पोराला तेवढं पुरतं. (त्या रामपूरनं २०२३ साली चौकात चांगला वीस फुटी चाकू उभा केलाय. चौकाला झडती लागू नसते.) माझा रामपुरी कांद्याच्या कामाचा मात्र अजिबात नव्हता. पातं मुठीत डुगडुगायचं, खाचेत कांद्याचा रस जाऊन गंज धरायचा. तिसऱ्या महिन्यात तर खटका दाबला की पातं अर्ध्यावर येऊन विचार करत थांबायचं. गुंडाच्या हातात असं झालं असतं तर धंदा बसला असता त्याचा.

तोच चाकू पोलिसांकडे गेला. गणपतीचे दिवस, एका शहराच्या वेशीवर नाकाबंदी. हवालदारसाहेबांनी माझे खिसे चाचपले, चाकू काढला, खटका दाबला. त्या दिवशी मात्र पातं पूर्ण बाहेर आलं.

“हे कशाला?”

“कांदा कापायला, साहेब.”

“कांदा कुठाय?”

मी मागं बोट दाखवलं. पिंपळगाव बसवंतहून भरलेला सोळा टन कांदा होता. इतका भक्कम पुरावा कुठल्या आरोपीनं सोबत बाळगला असेल असं मला वाटत नाही. साहेबांनी पोत्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “शेतकऱ्याचाच ना रे तू? मग बुक्कीनं फोड की!”

याला उत्तर नव्हतं. माझे आजोबा जन्मभर बुक्कीनंच कांदा फोडून खात आले. चाकू गेला, मी सुटलो, आणि कायदा काय म्हणतो ते बघायचं ठरवलं.

कायदा वाचताना कळलं, की त्याला चाकूपेक्षा चाकूच्या चालचलनात जास्त रस आहे. शस्त्र अधिनियम १९५९चा. निव्वळ घरकामाच्या किंवा शेतीच्या वस्तू तो शस्त्रांत धरत नाही. उदाहरण म्हणून लाठी आणि हातातली साधी काठी सांगतो. २०१६चे नियम म्हणतात, पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर परवान्याचा प्रश्न येतो, पण तिथंही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि कारखान्यातल्या कामाची अवजारं वगळलेली. म्हणजे आमच्या घरचा कोयता सुटला. मी सुस्कारा सोडणार, तोच महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ पुढ्यात आला. त्याचं कलम ३७. सणासुदीला, निवडणुकीला पेपरात ‘मनाई आदेश लागू’ अशी बातमी येते, ती याचीच. हा आदेश असताना सुरी नको, काठी नको, लाठीही नको; मारायला वापरता येईल अशी कुठलीच वस्तू घेऊन फिरायचं नाही. एका कायद्यात साधीभोळी असलेली लाठी दुसऱ्यात गुन्हेगार! फेकायचे दगडही त्यात आहेत. मी केबिनमध्ये नजर टाकली. टॉमी, जॅकचा दांडा, बावीसचा पाना, चाकाखाली लावायचा दगड. बिचारा चाकू त्यातल्या त्यात सज्जन. (पाठीत खुपसायच्या खंजिराचा उल्लेख मला कुठं सापडला नाही. नाहीतर १९७८पासून मंत्रालयातच नाकाबंदी लावावी लागली असती.)

आमचा कांदा बऱ्याचदा दिल्लीला, आझादपूर मंडीत जातो. तिथली अधिसूचना १९८०ची, आणि ती लिहिणाऱ्याला चाकूंची चांगली जाण असावी. कमानीचे, गरारीदार, बटनदार अशी नावंच दिलीत त्यात. यंत्रानं उघडणारं किंवा मिटणारं पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठं असलं, की बंदी. दशांशचिन्हानंतर दोन आकडे! मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी तेव्हापासून गाडीत आहे.

मधले तीन चाकू शिकवून गेले. एक घडीचा होता, कुलूप नसलेला. गाठीवर जोर दिला आणि तो माझ्याच बोटावर मिटला. खूण अजून आहे. घडीचाच घ्यायचा तर पातं उघडल्यावर अडकून बसणारा घ्यावा. दुसरा काळ्या मुठीचा, दिसायला रुबाबदार. रात्री सीटखाली पडला तो पडलाच. म्हणून मूठ लाल नाहीतर पिवळी हवी: सापडते, आणि लाल मुठीच्या चाकूला कुणी घाबरत नाही. तिसरा महागडा, कधी न गंजणारा. त्याला धार लावता लावता हात गंजले, आणि एकदा डबा उचकटताना टोक मोडलं. साध्या लोखंडाचं पातं रस्त्याकडेच्या कुठल्याही दगडावर चार वेळा घासलं की भागतं.

पाचवा बायकोनं आठवडी बाजारातून आणला. चाळीस रुपये, लाल प्लास्टिकची मूठ, भाजी चिरायचा. धारेची वस्तू फुकट दिली तर नातं तुटतं, म्हणून तिनं माझ्याकडून रुपया घेतला. आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारातला हा एकमेव रोखीचा व्यवहार. क्लीनरला चाकू हवा असेल तर मी हातात देत नाही, बॉनेटवर ठेवतो, तो तिथून उचलतो. आईनं लावलेली सवय.

पुठ्ठ्याच्या म्यानात तो स्टोव्हच्या पेटीत राहतो. एका बाजूला मीठ, दुसऱ्या बाजूला तेलाची बाटली, वर दोन कांदे. हाच चाकू माझ्या खिशात असता तर त्याला माझ्या दाढीकडे आणि तांबारलेल्या डोळ्यांकडे बघून जोखलं असतं. पेटीत त्याची ओळख कांदे सांगतात. त्यानंतर चार वेळा झडती झाली. चारही वेळा साहेबांनी पेटी उघडली आणि विचारलं ते एवढंच, की आज कालवण कशाचं. शहरात मनाई आदेश असला तर मी पेटीला कुलूप घालतो आणि कांदा आजोबांच्या पद्धतीनं फोडतो.

नाक्यावरच्या साहेबांना फक्त एक विनंती आहे. पेटीचं झाकण जरा सावकाश उघडा. तिखटाची पुडी वरच असते.