पुष्पाने साडी का नेसली?

आमच्या आणि माईंच्या बंगल्यांमध्ये कमरेइतकी भिंत आहे. पलीकडे माईंचा कढीपत्ता, अलीकडे माझी जास्वंद. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला तोंडच आहे. एरवी ह्यांचा डबा गेला की मावशी भांड्यांना येईपर्यंतचा अर्धा तास आम्हाला मिळतो. रविवारी मात्र कोणाला घाई नसते.

त्या रविवारी माई माझ्या आधीच येऊन उभ्या होत्या. हातात कढीपत्त्याची फांदी, पण तोडलेली नाही, नुसती धरलेली. म्हणजे बातमी मोठी.

आदल्या रात्री कोपऱ्यावरच्या भाऊंकडे सगळ्या आळीला आमंत्रण होतं. भाऊंनी ७५ इंची टीव्ही घेतला, त्याला साउंड सिस्टीम जोडली, आणि आता थिएटरचं तोंड बघायचं नाही असं जाहीर करून 'पुष्पा २' लावला.

"बसलीस का गं शेवटपर्यंत?" माईंनी सुरुवात केली.

"कुठली हो! साडेअकराला हे घोरायला लागले. लोकांच्या सोफ्यावर! उठवून घरी आणलं."

"मी बसले. पावणेएकला संपला. आठला सुरू केला होता."

मी बोटांवर हिशेब केला. "माई, मी डिसेंबरात थिएटरला पाहिलाय हा. तीन तास वीस मिनिटांचा आहे."

"घरी आलेली प्रत वाढवलेली आहे म्हणे, वीस-पंचवीस मिनिटांनी. वरचा तास भाऊंचा."

भाऊंचा तास कुठे गेला ते मीही पाहिलं होतं. दर दहा मिनिटांनी भाऊ पिक्चर थांबवायचे आणि म्हणायचे, "हे बघा, काळा रंग कसा काळा दिसतोय!" मग त्यांच्या जावयाचा फोन. मग पार्सलवाला, त्याला सुट्टे नव्हते. मग आप्पा बाथरूमला गेले म्हणून थांबवला. आप्पा आले तर देसाईकाका निघाले. थिएटरात एक माणूस उठला तर एक माणूसच उठतो. घरात एक उठला की सगळा पिक्चर उठतो.

"आणि आवाजाचं काय झालं होतं गं?" माईंनी फांदी आता खरोखर तोडली. "बोलायला लागले की विहिरीतून बोलल्यासारखं, आणि मारामारी लागली की छातीत धडधड."

भाऊ रिमोट घेऊनच बसले होते. संवाद आले की वाढव, ट्रक उडाला की कमी कर. नवा ड्रायव्हर क्लच-ब्रेक करतो तसं चाललं होतं. मला तर राग वेगळ्याच गोष्टीचा आला. हिंदी पुष्पाचा आवाज कोणाचा? आपल्या श्रेयस तळपदेचा! पडद्यावर अल्लू अर्जुन, तो तेलुगू. पण उत्तर हिंदुस्थानाला ज्या आवाजानं वेड लावलं तो मराठी पोराचा. आणि तोच तेवढा ऐकू येईना. बाकी घणाघाती संगीत आमच्या घरापर्यंत पोचतं. भाऊंनी आठवडाभर जी चाचणी घेतली, तिच्यात माझ्या मांडणीवरचा पितळी डबा सरकत सरकत कडेला आला होता.

"त्याचं कारण मला कळलंय," माई भिंतीवर ओणवल्या. म्हणजे आता खरी बातमी. "सकाळी भाऊंचा मुलगा कॅनडाहून व्हिडीओवर होता. आमची मोरीची खिडकी त्यांच्याच बाजूला, मी काही मुद्दाम ऐकलं नाही."

"छे हो."

"तो म्हणाला, बाबा, मधला स्पीकर कुठाय? सगळी बोलणी त्या मधल्यातून येतात, तो टीव्हीच्या खाली, समोर हवा. तर भाऊंनी कुठं ठेवला होता? शोकेसच्या वरच्या फळीवर, दगडूशेठच्या फोटोच्या मागं! वहिनी म्हणाल्या, पुढं ठेवला तर धूळ बसते."

गणपतीबाप्पाने तळपदेचे सगळे संवाद ऐकले असणार. आम्ही दोघी भिंतीला धरून हसलो. थिएटरात हा घोटाळा होत नाही, कारण तिथं तो स्पीकर पडद्याच्या पाठीमागेच असतो. पडद्याला बारीक बारीक भोकं असतात, लांबून दिसत नाहीत, त्यांतून आवाज येतो. म्हणून तर बोलणाऱ्याच्या तोंडातून बोलणं आल्यासारखं वाटतं. शिवाय तो आवाज बसवलेलाच असतो मोठ्या हॉलसाठी. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बोटाएवढे, तेही खाली तोंड करून. ते बिचारे काय बोलणार?

"आणखी एक. मला तो पुष्पा काल आपल्या साडेसातच्या मालिकेतला वाटत होता. सासूला उत्तर देईल आता, असा."

माईंची नजर तयार आहे हो. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं धावतात. नवे टीव्ही त्यांच्या मध्ये स्वतःच्या अकलेनं आणखी चित्रं भरतात, सगळं गुळगुळीत करतात, आणि मग शेकडो कोटींचा पिक्चर स्टुडिओतल्या मालिकेसारखा दिसायला लागतो. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं. माझ्या भाच्याने आमच्याकडचं केलंय. भाऊंना सांगायला कोण जाणार? ते काळा रंग दाखवतील.

"तुझं बरं, तू थिएटरात पाहिलास," माई म्हणाल्या. "पण मला नाही जमत बाई आता. अंधारात त्या पायऱ्या, एसीचा गारठा, आणि खर्च तर विचारू नकोस."

खर्चाचं खरं आहे. आम्ही भिशीच्या सहाजणी गेलो होतो, मंगळवारी, तिकीट स्वस्त असतं म्हणून. तिकिटात वाचवलं ते पॉपकॉर्नच्या एका बादलीत गेलं. मी घरून चकल्या नेल्या होत्या. दारात तपासणीवाल्या मुलीनं पर्स उघडली, रुमालाखालचा डबा बरोबर काढला आणि म्हणाली, "काकू, जाताना घेऊन जा." आता याच्यावर भांडता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगून टाकलं, बाहेरचं खाणं आत येऊ द्यायचं की नाही हे थिएटरवाल्यानं ठरवायचं; पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यायचं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवायचं नाही. मी त्या मुलीला म्हटलं, बाळ शोधून आणते. हसली, पण डबा ठेवून घेतला. परत घेतला तेव्हा त्यात दोन चकल्या कमी होत्या. असो, पोरीची जात, दिवसभर उभी असते.

"आणि इंटरव्हलची रांग?"

"ती तर विचारू नका. पुरुषांकडे माणूस जातो नि येतो. आमच्याकडे दारापर्यंत रांग. माझा नंबर लागेपर्यंत पुढचा भाग सुरू झाला होता. पण माई, त्या रांगेत काय मजा येते! अनोळखी बायका. एक आतून धावत आली, म्हणाली, काही झालं नाही हो अजून, नुसती मारामारी चालू आहे, सावकाश या."

माई हसल्या आणि कुठंतरी गेल्या. त्या अशा गेल्या की गिरगावात जातात, हे मला माहीत आहे.

"आमचं लग्न १९७५च्या मे महिन्यातलं," त्या म्हणाल्या. "१५ ऑगस्टला 'शोले' लागला, लॅमिंग्टन रोडला, मिनर्व्हाला. चाळीत दोन खोल्या आणि नऊ माणसं. आम्हाला एकमेकांशी बोलायचं तर जिन्यात. ह्यांनी रांगेत उभं राहून तिकिटं काढली. अगं, तो पडदा! ७० एमएम. आणि आवाज चहूबाजूंनी. जय नाणं उडवतो ना, ते पडल्याचा आवाज इतका जवळ आला, की पुढच्या रांगेतला एक माणूस वाकून खुर्चीखाली बघायला लागला. हे म्हणाले, सापडलं तर आपलं."

"तीन तासांच्या वर होता ना तो?"

"वर म्हणजे चांगला वर. लोक म्हणायचे लांबलाय. मी मनात म्हणायचे, लांबू दे! नव्या नवरीला नवऱ्याच्या शेजारी साडेतीन तास बसायला दुसरी जागा होती का? मला तर वाटे, गब्बर आणखी तासभर सापडू नये."

मी काही बोलले नाही. पलीकडच्या आंब्यावर कोकीळ उगाच ओरडत होता.

"पाच वर्षं होता तिथं," माई म्हणाल्या. "माझा थोरला झाला, बालवाडीत जायला लागला, तरी शोले मिनर्व्हालाच. त्याच्या आधी कॉलेजात असताना 'मेरा नाम जोकर' पाहिला होता, त्याला तर दोन इंटरव्हल. राज कपूरचे पैसे बुडाले त्यात, पण आमच्या डब्यातली थालीपिठं दोन्ही इंटरव्हलना पुरली. तेव्हा नव्हतं कोणी डबा काढून घेत."

मला एकदम उमगलं, मंगळवारी मला त्या थिएटरात इतकं का आवडलं ते. पिक्चर काही ग्रेट नव्हता. मध्ये मध्ये तर पाणी घातलेल्या आमटीसारखा होता. पण तीन तास वीस मिनिटं मला कोणी हाक मारली नाही. फोन बंद करून पर्समध्ये टाकला होता. बाहेर येऊन उघडला तर अकरा मिस्ड कॉल. दोन गॅसवाल्याचे, एक माझ्या नणंदेचा, आणि आठ ह्यांचे. तूप कुठं ठेवलंय म्हणून! आठ वेळा. तूप गेली बावीस वर्षं एकाच जागी आहे.

घरी आम्ही इतके पिक्चर बघतो, पण मी एकही सलग बघितलेला नाही. मी ते ऐकते. फोडणीत, मिक्सरमध्ये, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधून. "थांबवतो गं, तू ये सावकाश," असं हे मोठ्या मनानं म्हणतात, आणि थांबवतातही. पण थांबवलेला पिक्चर आणि सोफ्यावर ताटकळलेली माणसं आपल्या पाठीशी आहेत हे माहीत असलं की पोळी नीट फुगत नाही. मीच म्हणते, बघा तुम्ही, मला सांगा नंतर. ज्याला बसायला मिळतं त्याला घरचं थिएटर चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. माईंच्या गुडघ्यांना तर तेच बरं.

एवढ्यात फाटक वाजलं. कोपऱ्यावरच्या वहिनी. डोळे सुजलेले, हातात आमचा स्टीलचा डबा. काल मी त्यातून खोबऱ्याच्या वड्या नेल्या होत्या. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून त्यांनी भजी भरली होती. रात्रीची, थंड झालेली.

"दोन वाजले हो झोपायला," त्या म्हणाल्या. "वीस माणसांचे चहा, तीन घाणे कांदाभज्यांचे, आणि मग त्या प्लेटा. ह्यांचं आपलं चालू, बघ गं काय रंग आहे, बघ गं काय रंग आहे!"

"पिक्चर कसा वाटला पण?" माईंनी साळसूदपणे विचारलं.

वहिनींनी इकडेतिकडे बघितलं. भाऊ कुठं दिसत नाहीत याची खात्री केली आणि भिंतीजवळ येऊन आवाज खाली आणला.

"मला एक सांगा. मी तिसऱ्यांदा भजी घेऊन आले तेव्हा तो पुष्पा साडी नेसून, अंगाला निळा रंग फासून, गळ्यात लिंबांची माळ घालून नाचत होता. मागच्या खेपेला तर चांगला शर्टपँटीत होता. साडी का नेसला तो?"

घर त्यांचं, टीव्ही त्यांचा, वीजबिल त्यांचं. आणि साऱ्या आळीत हे माहीत नसलेल्या त्या एकट्याच.

मी सांगितलं त्यांना. तिरुपतीला गंगम्माची जत्रा भरते, तिथं पुरुष देवीसाठी बाईचा वेश घेतात, नवस असतो तो. आपल्याकडे नाही का, देवीला बोललेलं फेडावं लागतं. माई मध्येच म्हणाल्या, "नेसला मात्र व्यवस्थित होता हो. एवढी मारामारी केली, पण निऱ्या हलल्या नाहीत." वहिनी सगळं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "थिएटरात सगळा सलग दिसतो, नाही?"

मी तिथंच भिंतीवर फोन ठेवून पुढच्या मंगळवारच्या दुपारच्या खेळाची तीन तिकिटं काढली. खालच्या रांगेतली, कडेची, म्हणजे माईंना पायऱ्या चढायला नकोत. पिक्चर कुठला ते नीट बघितलंसुद्धा नाही, तीन तासांच्या वरचा आहे एवढं बघितलं. माई शाल घेणार आहेत. वहिनींनी भाऊंना अजून सांगितलेलं नाही. ह्यांना मी सांगून ठेवलंय: तूप फडताळात, दुसऱ्या कप्प्यात, डावीकडे.