प्रकल्पनिहाय जमाखर्च : गृहस्थांसाठी मार्गदर्शिका

पालघर जिल्ह्यातल्या माणसाला प्रकल्प म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून चालू आहे, त्याच्या अलीकडे एमआयडीसी. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन होणार, विरार-डहाणू मार्गाचं चौपदरीकरण होणार, मुंबई-वडोदरा महामार्ग जाणार. 2024 च्या ऑगस्टमध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, त्याचा खर्च 76 हजार कोटींच्या वर धरलाय. अशा हवेत आमच्या बोईसरच्या भाऊजींनी घरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘माठ बदलणे’ असा प्रकल्प उघडला, तर त्यांना एकट्याला दोष का द्यावा?

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या अकाउंट्स खात्यातून निवृत्त झाले. तिथे टॅलीमध्ये प्रत्येक खर्चाला कॉस्ट सेंटर लावायची सवय. कारखाना सुटला, कॉस्ट सेंटर घरी आलं. खाली त्यांच्या पद्धतीचं शास्त्रशुद्ध विवेचन दिलं आहे. ज्यांच्या घरात असा गृहस्थ नाही त्यांनी ती वापरून पाहावी. ज्यांच्या घरात आहे त्यांनी वाचून धीर धरावा.

नियम पहिला : वर्ग आणि प्रकल्प यांची गल्लत करू नये. पैसे कशावर गेले ते वर्ग सांगतो. प्रवास, किराणा, औषधं. कोणत्या कामापायी गेले ते प्रकल्प सांगतो. माझ्या भाचीचं लग्न पालघरच्या हॉलवर झालं. त्यापायी बोईसर-पालघर ज्या असंख्य फेऱ्या झाल्या त्यांचा वर्ग ‘प्रवास’, प्रकल्प ‘लग्न’. नवखा माणूस ‘लग्न’ नावाचा वर्गच काढतो आणि त्यात तिकिटं, पेट्रोल, फुलं, गुरुजींची दक्षिणा सगळं कोंबतो. मग मार्चअखेर ‘वर्षभरात पेट्रोलला किती गेले?’ विचारलं की बोंब. सॉफ्टवेअरमध्ये टॅग, क्लास, लेबल अशा कुठल्यातरी नावाचा वेगळा रकाना असतो, प्रकल्प तिथे लिहायचा. गोष्ट एवढीच आहे, पण भाऊजी ती समजावायला बसले की ताई कुकर लावायला उठते. भाऊजींचं समजावून होईपर्यंत वरण-भात तयार असतो.

नियम दुसरा : नावात साल आधी घालावं. ‘2024 गणपती’, ‘2025 गणपती’. यादी आपोआप क्रमाने लागते आणि मखराचा खर्च दरवर्षी कसा फुगतोय तेही दिसतं. ‘घरकाम’ असं नाव कधीही देऊ नये, कारण प्रकल्पाला आरंभ आणि शेवट असावा लागतो. (ताईचं म्हणणं, शेवट नसतो हे यांना कसं कळलं? कधी केलंय?)

नियम तिसरा : एका बिलात दोन प्रकल्प आले तर बिल फोडावं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी स्प्लिटची सोय असते. हार्डवेअरच्या दुकानातून पाइप आला चिंचणीच्या वाडीसाठी, खिळे आले मखरासाठी, दोरी कपडे वाळत घालायला. एक बिल, तीन ओळी. इथवर कोणीही मान डोलावेल. खरी कसोटी लागते मासळीला. लग्नाची बोलणी चालू असताना व्याही जेवायला आले आणि सातपाटीहून पापलेट आणलं. व्याह्यांसाठी आणलं म्हणून प्रकल्प ‘लग्न’. पण आम्हीही जेवलो, म्हणून काही भाग घरखर्च. भाऊजींनी तुकड्या मोजून विभागणी केली. मग डोकी राहिली. डोकी कालवणात गेली, कालवण सगळ्यांनी ओरपलं. कारखान्यात अशा सामाईक खर्चाला ओव्हरहेड म्हणतात आणि तो ठरलेल्या प्रमाणात प्रत्येक खात्यावर टाकतात. त्या न्यायाने पापलेटची डोकी पानांच्या संख्येवर वाटली गेली. आपण तिसरी तुकडी घेतली तेव्हा विभागणीचं प्रमाण बदललं, याची व्याह्यांना अजून कल्पना नाही.

माझं मत विचाराल तर शंभराच्या आतलं बिल फोडू नये. ज्या प्रकल्पाचा भाग मोठा, त्याच्या नावावर टाकून मोकळं व्हावं. हे मत भाऊजींसमोर मांडू नये.

नियम चौथा : आपल्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे गेले तर तो खर्च नव्हे. एटीएममधून काढलेली रोकड नाही, क्रेडिट कार्डाचं भरलेलं बिलही नाही. ती ट्रान्सफर. नाहीतर सगळं दोनदा मोजलं जातं आणि रात्री झोप लागत नाही.

नियम पाचवा : यूपीआयने पैसे देतानाच शेरा लिहावा. महिन्याभराने बँकेच्या उताऱ्यात लांबलचक आकडा आणि कुणाचं तरी नाव एवढंच उरतं. ते फुलवाल्याचं की त्याच्या मेव्हण्याचं, देव जाणे. म्हणून भाऊजी शेअर रिक्षातून उतरतात, रस्त्यातच उभे राहतात आणि ‘लग्न, पत्रिका वाटप, उमरोळी’ असं टाइप करतात. मागचे दोन प्रवासी आणि रिक्षावाला तोवर देवाचं नाव घेतात. डहाणूपर्यंत लोकल 2013 मध्ये आली खरी, पण एक चुकली की दुसरीची वाट बघण्यात अख्खा सुडोकू सुटतो. भाऊजींच्या शेऱ्यांपायी गेलेल्या लोकल कोणत्या प्रकल्पावर टाकायच्या, हा प्रश्न मी लेखी दिला आहे.

नियम सहावा : परत आलेले पैसे त्याच प्रकल्पात जमा दाखवावेत. हॉलचं डिपॉझिट तर खर्चात धरूच नये. ते येणं आहे, हॉलवाल्याने काही कापलं तर तेवढाच खर्च. आणि आहेर? आहेर जमा धरला तर लग्न स्वस्तात पडल्यासारखं दिसतं. इथे मात्र मी भाऊजींना मानतो. त्यांनी आहेराची वेगळी यादी केली, नावानिशी, आणि एकही रुपया लग्नात वळता केला नाही. म्हणाले, ‘अरे, ही सगळी पुढची देणी आहेत.’

नियम सातवा : संपलेला प्रकल्प पुसू नये, बंद म्हणून खूण करावी. पुसला की जुन्या नोंदींवरची त्याची ओळख जाते आणि उरतात नुसते बेवारशी खर्च. बंद केलेला प्रकल्प यादीत दिसत नाही, पण अहवालात निघतो.

तसा अहवाल काढायला मी बसलो होतो. भाऊजी आंघोळीला गेले होते. यादीत वर एक नाव दिसलं : ‘मेव्हणा’. आरंभ, ताईच्या लग्नाची तारीख. शेवट, रिकामा. तेव्हा घरात कॉम्प्युटर कुठला. जुन्या वह्यांवरून सगळं चढवलेलं. करवलीच्या मागे धावताना फाटलेल्या माझ्या सदऱ्याची शिलाई. केळव्याच्या सहलीतले वडे. स्टेशनवर पकडलो गेलो त्याचा दंड. आणि मध्येच दांडेकर कॉलेजची पहिल्या वर्षाची फी, जी बाबांनी भरली असं मी आजवर धरून चाललो होतो. वर्ग : शिक्षण. येणे : शून्य.

मी विचारलं. भाऊजी डोकं पुसत म्हणाले, ‘दुसऱ्याच्या फाइलीत हात घालू नये.’ आणि फाइलीला पासवर्ड लावला. तो प्रकल्प बंद का केला नाही, यावर एवढंच की चालू प्रकल्प बंद करता येत नाही.

नियम आठवा आणि शेवटचा : दर रविवारी बॅकअप घ्यावा आणि तो त्याच घरात ठेवू नये. भाऊजींचा बॅकअप पालघरला माझ्या कपाटात असतो. त्यासाठी घेतलेल्या पेन ड्राइव्हचा खर्च ‘मेव्हणा’ या प्रकल्पावर पडला आहे.